दोन खांब, एक आडवी दांडी

बेलग्रेड, १४ एप्रिल २०२४

बोयाना,

पाकिटावरचं अक्षर बघून तू हे फेकलं नसशील तर पुढं वाच. फेकलं असशील तर मी भिंतीशी बोलतेय. त्याचीही मला सवय आहे, तुझे आजोबा चाळीस वर्षं भिंतच होते.

फोन करत नाही. फोनवर तुला दिसतं कोण बोलावतंय, आणि मग तो वाजत राहतो. पत्राला निदान फाडावं तरी लागतं.

तुला फेब्रुवारीत मुलगी झाली हे तुझ्या आईकडून कळलं. माझी ही लेक तिकडं ऑस्ट्रियात, ग्राझच्या हॉस्पिटलात चादरी धुते आणि मला बातम्या रेशनसारख्या देते. म्हणाली, नाव तेआ ठेवलंय. मी म्हटलं, बरं, पुढचं? म्हणाली, एवढंच. नऊ महिने पोटात वागवून दीड अक्षराचं नाव! असो. पोर निरोगी आहे ना, मग झालं.

इथं सगळं जागच्या जागी आहे. मी तिसऱ्या मजल्यावर, खाली सहा पदरी हायवे. तू लहानपणी मला म्हणायचीस, नाना, तुझ्या घराखाली समुद्र आहे, पण त्याला पेट्रोलचा वास येतो. गेल्या महिन्यात एक ट्रक आडवा झाला आणि तासभर रस्ता बंद पडला, तर अख्ख्या बिल्डिंगचं डोकं दुखायला लागलं. शांतता सोसेना.

पण जुलै गेला माझा. पूर्वी जुलै लागला की जर्मनी-ऑस्ट्रियात राबणारी आपली माणसं गाड्यांवर सायकली नि गाद्या बांधून ह्याच रस्त्यानं यायची, कुणी गावाकडं, कुणी पुढं ग्रीसला. मी खिडकीत शेंगा सोलत नंबरप्लेटा बघायचे. ग्राझची प्लेट मला लांबून कळते, आकड्यांच्या आधी ते कानासारखं चिन्ह असतं. आता शहराबाहेरून वळणरस्ता काढलाय. ग्रीसवाले तिकडूनच सटकतात. शहराची सुटका झाली म्हणतात. माझ्याकडं बघायला उरले ते दूधवाले आणि बसा.

आता मुद्द्याचं. तीन वर्षांपूर्वी लग्न करून तुम्ही दोघं ग्रीसला निघालात, तेव्हा मी ह्या वयात घरासमोरच्या पादचारी पुलावर चढले. खालच्या मजल्यावरच्या झिवोयिनला सोबत घेतलं. तीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस, गाठी पक्क्या मारतो. माझ्या रुखवतातली चादर, तिच्यावर रंगाचा अख्खा डबा, आणि माणसाएवढ्या अक्षरांत एकच शब्द: नाना. जास्त लिहिलं असतं तर एखादी चूक झाली असती. बेलग्रेडात सगळ्यांच्या आज्या ‘बाबा’ असतात. आजीला नाना म्हणतात ते आमच्या दक्षिणेत, लेस्कोवात्सकडं, आणि तिकडची इथं मी एकटी. म्हणजे दुसऱ्या कुणाची आजी समजायचाही प्रश्न नव्हता.

गाड्या तुंबल्या होत्या. तुमची निळी गाडी मुंगीच्या पावलानं पुलाखाली आली. तू वर बघितलंस. मी दोन्ही हात हलवले. तू चादर बघितलीस, मला बघितलंस, आणि काच वर केलीस.

काच वर केलीस, बोयाना.

मी लग्नाला आले नाही हे खरं. गुडघे नव्हते बरे. त्याशिवाय मी काय वावगं केलं होतं?

जुलैत जाणार असाल तर वळणरस्ता सोडा आणि जुन्या हायवेनं या. पुलानंतर लगेच उजवीकडं उतार आहे. तो चुकलात की थेट निश शहरापर्यंत माणूस थांबत नाही. पोर दाखवा, कॉफी प्या, जा. नसेल यायचं तर काच का वर केलीस तेवढं लिही. तीन वर्षं डोकं खातेय ती काच.

नाना

ता.क. माझं मोजे रफू करायचं लाकडी अंडं सापडत नाही. तेवीस वर्षं सापडत नाही. मी काही म्हणत नाही.


बेलग्रेड, २७ एप्रिल

बोयाना,

मी हसले? मी?

तुझं पत्र मिळालं. माझ्या चष्म्याची काडी मोडलीय, म्हणून फार्मसीतल्या ल्युबिंकाकडून वाचून घेतलं. चुकलंच. ल्युबिंकाला बहिऱ्या म्हाताऱ्यांना गोळ्या समजावायची सवय, तिनं रांगेतल्या नऊ माणसांना ऐकू जाईल असं वाचलं: “तू पुलावर उभी राहून, दोन-दोन मीटरची अक्षरं काढून, हा हा करून आमच्या लग्नाला हसत होतीस. वर हातही हलवत होतीस.”

रांगेतला एक टकल्या म्हणाला, “वा आजी, मानलं तुम्हाला!”

मी म्हटलं, “तू तुझी मूळव्याधीची ट्यूब घे आणि नीघ.”

घरी येऊन चादर कपाटातून काढली. रंगानं अशी कडक झालीय की कोपऱ्यात उभी करून ठेवता येते. उलटी बघितली, सुलटी बघितली. नानाच लिहिलंय. कुठं आहे त्यात हसू? तिकडं शाळेत शिकवतात तरी काय तुम्हाला? की तुझ्या त्या पाला खाणाऱ्या नवऱ्यानं सांगितलं, बघ, तुझी आजी हसतेय?

आणि तू लिहितेस, “तुझं पत्र आईनं फोनवर वाचून दाखवलं.” का? तुझे डोळे कुठं गेले? स्लावित्सा, हेही तूच वाचत असशील तर काही गाळू नकोस. मागच्या वेळी ते रेशनचं वाक्य तू गाळलं असणार, मी तुला ओळखून आहे.

मी हसले नाही. मला हसायचं असतं तर तुमच्या लग्नाचं ते हॉटेल होतंच की, जिथं जेवण उभ्यानं देतात.

नाना


बेलग्रेड, ६ मे, ईस्टरचा दुसरा दिवस

बोयाना,

बस कुठंतरी. उभ्यानं ऐकायचं नाही हे.

काल सकाळी झिवोयिन रंगवलेली अंडी लढवायला आला, टोकावर टोक आपटून आधी कुणाचं फुटतं ते बघायला. दारातूनच म्हणाला, “ख्रिस्त उठला!”

“खरंच उठला. पाय पूस,” मी म्हटलं.

खिशात नेहमीचं ते गिनी कोंबडीचं अंडं, दगडासारखं. दरवर्षी तेच करतो नि दरवर्षी म्हणतो, माझ्या लाल कोंबडीचं आहे हो. माझी तीन फोडली. माझं लक्ष नव्हतं. म्हणाला, “देसांका, तोंड का आंबलंय? सणाच्या दिवशी?”

मी तुझं पत्र त्याच्यापुढं टाकलं. त्यानं वाचलं. मग पेन्सिल घेतली आणि वर्तमानपत्राच्या कडेला मोठ्या अक्षरांत लिहिलं.

“काय लिहिलंय?”

“नाना.”

“बरं. आता समज, तू आपली सिरिलिक अक्षरं कधी शिकलीच नाहीस. ग्राझमध्ये जन्मलीस, ग्राझच्या शाळेत गेलीस. मग हे काय होतं?”

मी टेबलावरची टरफलं गोळा करायला लागले.

“सांग की!”

“चष्म्याची काडी मोडलीय.”

“चष्मा तुझ्या नाकावर आहे, देसांका.”

मग बोलावंच लागलं. त्याला सांगितलं, तर तुलाही सांगते, म्हणजे एकदाच लाज जाईल. मला लॅटिन अक्षरं, म्हणजे तुमची ती ए-बी-सी, येत नाहीत. आमच्या शाळेत ती तिसरीत शिकवायचे, आणि मी दुसरीनंतर मेंढ्यांकडं गेले. मेंढ्यांना कुठलीच अक्षरं लागत नाहीत. साठ वर्षं ह्या शहरात मी बस आकड्यावरून पकडते, दुकान वासावरून ओळखते आणि औषध डबीच्या रंगावरून. कारखान्याच्या खानावळीत एकतीस वर्षं रांधलं, कुणाला पत्ता लागू दिला नाही. तुझ्या आजोबांनाही नाही. ते भिंत असल्याचा तेवढा एक फायदा झाला.

झिवोयिननं मग मला अक्षर समजावलं. आमचा न म्हणजे काय? दोन खांब आणि मधे आडवी दांडी. अगदी आपला पूलच, हायवेवरचा. लॅटिनवाल्यांकडंही हेच चित्र आहे, पण ते त्याला ह म्हणतात! आणि आ दोघांचा सारखा. मी नाना लिहिलं. तू हाहा वाचलंस. मी बरोबर लिहिलं आणि तू बरोबर वाचलंस, आणि तीन वर्षं दोघी फुगून बसलो.

हे सांगता सांगता झिवोयिनला एवढं हसू आलं की तोंडातलं अंडं घशात गेलं. पाठीत चार घातल्या तेव्हा बाहेर आलं. तो हसला, मी नाही, हे लक्षात ठेव. मी नंतर हसले, भांडी घासताना. बशी फुटली.

म्हणजे तुला आमची अक्षरं येत नाहीत आणि मला तुमची. माझं पत्र तुला आई वाचते, तुझं पत्र मला फार्मसी वाचते. तू सांगितलं नाहीस, कारण नाना टोमणा मारेल. मारला असताच. आणि मी सांगितलं नाही, कारण टोमणे मारणाऱ्याला टोमणा सोसत नाही.

आणखी एक. माझे गुडघे ठणठणीत आहेत. पुलाच्या चोपन्न पायऱ्या मी न थांबता चढते. तुझ्या लग्नाला यायचं तर वाटेत परक्या मुलखात, मारिबोरला, बस बदलायची होती. तिथल्या पाट्या मला कुणी वाचून दाखवल्या असत्या? कुठल्या भाषेत विचारलं असतं? त्यापेक्षा तुझ्या नवऱ्याला नावं ठेवणं सोपं होतं. बसल्या जागी होतं.

झिवोयिननं काल बिल्डिंगभर चौदा अंडी जिंकली. जाताना म्हणाला, “आयुष्यात एकदाच हरलो, तुझ्या त्या सहा वर्षांच्या नातीकडून. एका सकाळी अकरा अंडी फोडली माझी! काय मनगट होतं पोरीचं!” मी खाली बघून टेबल पुसलं. कांद्याच्या सालींत उकळलेलं लाकूड कसं दिसतं, ते तुला नि मलाच माहीत. आता स्लावित्सालाही कळलं. स्लावित्सा, तोंड बंद ठेव.

नाना (न, ह नव्हे)


बेलग्रेड, २३ जून

बोयाना,

ह्या वेळी पत्र झिवोयिननं वाचलं, दार लावून. त्यानं मधे दोनदा चष्मा पुसला. त्याचे चष्मे नेहमी घाणच असतात.

तू लिहिलंस, चादरीचं समजलं, तू आणि फ्लोरियान इतके हसलात की पोर उठली. पण पुढचंही लिहिलंस. “चादरीवर हाहा का वाचलं, माहीत आहे? कारण लग्नाच्या महिनाभर आधी तू फोनवर म्हणाली होतीस, जा, कर लग्न, मी इथं बसून हसेन. ते काही मी वाचलं नव्हतं, नाना. ते ऐकलं होतं.”

हो. म्हणाले होते.

मागच्या तिन्ही पत्रांत मी ते लिहिलं नाही. मला वाटलं, तुला आठवत नसेल. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी जन्माची खोड. पण जिभेला लिपी नसते, तिथं न चा ह झाला असं म्हणता येत नाही. मी बोलले, आणि ते तसंच होतं जसं तू ऐकलंस. ह्याच्यावर मला आणखी काही लिहिता येत नाही, दोन कागद फाडले.

आता तू म्हणतेस, २० जुलैला ग्रीसला निघणार, पण थांबायचं की नाही ते ठरलेलं नाही. फ्लोरियानच्या फोनमधली बाई वळणरस्त्यानं चाळीस मिनिटं वाचतात म्हणते. पोरीला गाडी लागते. आणि तीन वर्षं म्हणजे तीन वर्षं. बरोबर आहे. मी तुझ्या जागी असते तर वळणरस्त्यानं गेले असते, वर हॉर्न वाजवत.

पण मी पुलावर असणार. शनिवारी सकाळी आठपासून. चादर नवी. लोक ह्या पुलावर काय काय बांधतात. कुणी बायकोला लिहितो, मुलगा दिलास, उपकार झाले. कुणी वाढदिवसाचं लिहितो. माझं कुणाला जड होणार नाही.

प्रश्न होता काय लिहायचं. झिवोयिन म्हणाला, असा शब्द शोधू जो दोन्ही अक्षरांत तोच दिसतो आणि तोच वाचला जातो. माझ्या टेबलावर बसून त्यानं यादी काढली, माझी अर्धी बाटली राकिया संपवून.

“मामा, म्हणजे आई.”

“तिची आई मी नाही.”

“तेता, आत्या.”

“ती तर नाहीच.”

“डोळा होतो. अंडं होतं. मांजर नाही होत.”

“मांजर कशाला हवंय मला पुलावर?”

मग एकदम टेबलावर हात आपटून म्हणाला, “तेआ! अगं, तिच्या पोरीचं नाव! तिन्ही अक्षरं दोन्हीकडं तीच!”

मी लिहून बघितलं. खरंच. बोयाना, हे तू मुद्दाम ठेवलंस की चुकून? मुद्दाम असेल तर ते दीड अक्षराचं बोलणं मी मागं घेते. चुकून असेल तरी घेते.

पण तेआ लिहिणार नाही. तू म्हणशील, म्हातारीला पोर बघायची आहे, म्हणून ही धडपड. पोर बघायची आहेच, त्यात चोरी कसली. पण भांडण तुझ्याशी झालं होतं, तेव्हा तुझंच काहीतरी असायला हवं. मी एक शब्द निवडलाय. झिवोयिन म्हणतो, देसांका, तुझं डोकं फिरलं, अख्खं शहर हसेल. हसू दे. तुला समजला तर उजवीकडचा उतार घे. नाही समजला तर जा पुढं, समुद्र वाट बघतोय.

फोन करणार नाही. तूही सांगू नकोस.

नाना


बेलग्रेड, २२ जुलै

बोयाना,

तुम्ही समुद्रात पाय बुडवून बसला असाल. हे ग्राझला दारात पडून राहील. तुझ्या आईनं तुला वाचून दाखवायचं ते तिलाही ऐकायला मिळावं म्हणून लिहितेय. शिवाय तू पुलावर शेवटी आलीस, सुरुवात तुला माहीत नाही.

आठ वाजता चादर बांधली. झिवोयिननं छत्री, घडीचं स्टूल, टरबूज आणि मान दुखण्याचं मलम आणलं होतं. चादरीवर अंडं. आपल्या भाषेतली माणसाएवढी चार अक्षरं, ‘याये’, दुसरं काही नाही. शनिवारची गर्दी, शहरभरच्या गाड्यांचा पत्रा उन्हात तापलेला, आणि वर मी नि अंडं.

पहिला टॅक्सीवाला काच खाली करून ओरडला, “आजी, डझन कसं दिलं?”

“बायकोला विचार, तिच्या घरात एक नासकं आहे!”

त्याच्यामागं सगळे हॉर्न वाजवायला लागले. एका ट्रकवाल्यानं विचारलं, उकडलेलं की तळलेलं. बसमधली एक बाई खिडकीतून हात जोडून म्हणाली, देव तुमचं भलं करो. तिला काय वाटलं कोण जाणे. नऊनंतर नुसता कालवा. जे घरून चिडून निघाले होते तेही आमच्या पुलाखालून हसत जात होते. झिवोयिन म्हणाला, तीस वर्षं ह्या रस्त्यावर गाडी मारली, एवढी खूश वाहतूक बघितली नाही.

मग पोलीस आले. दोघे. एक जाडा, एक लुकडा.

“आजी, हे काय आहे?”

“अंडं.”

“ते दिसतंय. कसलं?”

“कोंबडीचं नाही.”

जाड्यानं कपाळ पुसलं. “राजकीय आहे का?”

“तुला अंड्यात राजकारण दिसतं का?”

तो विचारात पडला. मग झिवोयिनला बाजूला घेऊन म्हणाला, “काका, ह्या बऱ्या आहेत ना?” झिवोयिन म्हणाला, “कधीच नव्हत्या.” शेवटी गाठी ओढून बघितल्या, चांगल्या आहेत म्हणाले, टरबुजाची एकेक फोड घेतली आणि गेले.

अकरा वाजले. बारा वाजले. पुलाचा कठडा तव्यासारखा तापला. झिवोयिन म्हणाला, “सीमेवर खोळंबले असतील.” एक वाजता म्हणाला, “पोरीला भूक लागली असेल, थांबले असतील कुठं.” दीड वाजता टरबुजाच्या साली गोळा करायला लागला, तेव्हा मला कळलं की त्यालाही वळणरस्ताच दिसतोय.

आणि दोनला पाच मिनिटं असताना नदीवरच्या गाझेला पुलाकडून गाड्यांच्या लोंढ्यात ते कानासारखं चिन्ह आलं. निळी गाडी. तू पुढच्या सीटवर. काच खाली होती. तू वर बघितलंस, तोंड उघडं राहिलं, आणि गाडी पुलाखाली शिरली.

मी पळत दुसऱ्या बाजूला गेले. होय, पळत. गाडी बाहेर आली, उताराजवळ गेली, आणि उतार सोडून सरळ पुढं गेली.

“त्यांना दिसलं नसेल,” झिवोयिन म्हणाला.

“दिसलं. गाठी सोड.”

“थांब जरा.”

“सोड म्हटलं ना. घरी पोळपाटावर पीठ उघडं पडलंय.”

तो गाठीशी बसला. तीस वर्षं गाठी मारणाऱ्या माणसाला त्या दिवशी स्वतःची एक गाठ सुटेना. नखांनी करतोय, दातांनी करतोय, म्हणतो, उन्हानं दोर आवळलाय. मी ओळखलं, हा वेळ काढतोय. मी रस्त्याकडं पाठ करून स्टुलावर बसले. वीस मिनिटं बसले.

मग पायऱ्यांवर चपला वाजल्या, आणि कुणीतरी धापा टाकत ओरडलं, “नाना! उतार चुकला फ्लोरियान! पुढून वळून आलो! मी त्याला सांगत होते, उजवीकडं, उजवीकडं, आणि हसू आवरेना, त्याला कळेना मी काय म्हणतेय!”

तू वर आलीस. पोर छातीशी बांधलेली. तेव्हा मी काय म्हटलं ते तुझ्या आईला तू सांगशीलच, त्यापेक्षा मीच लिहिते. स्लावित्सा, मी म्हटलं, “लेकरू गाडीत आणि काच खाली? वाऱ्याचा झोत लागून मान धरेल पोरीची!”

आणि ही तुझी मुलगी म्हणाली, “तीन वर्षं काच वर केल्याबद्दल ऐकतेय. आता खाली केल्याबद्दल?”

“आधी तिच्या डोक्यावर टोपी घाल,” मी म्हटलं, “मग भांडू.”

तुझी मूठ बंद होती. तू ती उघडलीस. माझं रफूचं अंडं. लाल रंग अजून होता, कडेला थोडा उडालेला. म्हणालीस, “आरशाला बांधून ठेवलं होतं. पहिल्या गाडीपासून.” त्या दिवशी पुलाखाली काच वर करून गेलीस, तेव्हाही ते आरशाला लटकत होतं तर!

झिवोयिननं ते हातात घेतलं. फिरवलं. कठड्यावर वाजवलं. टक.

“हे लाकडी आहे,” तो म्हणाला.

आपण दोघी रस्त्याकडं बघायला लागलो.

“देसांका. हे लाकडी आहे! अकरा अंडी! तेवीस वर्षं मी पोरांना सांगतोय, त्या पोरीचं मनगट असं नि तसं!”

“आणि तुझं गिनी कोंबडीचं?” मी म्हटलं. “ते काय कबुतराचं होतं?”

खालून कुणीतरी हॉर्न वाजवला, मग दुसऱ्यानं, मग सगळ्यांनी. आणि फ्लोरियान डायपरची पिशवी घेऊन चोपन्न पायऱ्या चढून आला, आणि आपल्या भाषेतले त्याला येणारे तीनच शब्द एका दमात म्हणाला: “नमस्कार, माफ करा, भूक.” तिन्ही बरोबर निवडले होते. मी त्याला बिनमांसाचा चीजचा गिबानित्सा वाढला, त्यानं पाच तुकडे खाल्ले. त्याच्याबद्दल बोललेलं सगळं मागं घेत नाही, अर्धं घेते.

जाताना तू दारात म्हणालीस, “ते फोनवरचं...” आणि मी म्हटलं, “मुरंबा घे.” तू घेतलास. बरणी परत आणायची.

परतीला चार दिवस राहणार असं ठरलंय, विसरू नका. फोनमधल्या बाईला सांगून ठेवा.

नाना


बेलग्रेड, १९ ऑगस्ट

बोयाना,

तुम्ही येऊन, राहून, माझ्या मिरच्या संपवून गेलात, त्यालाही आठवडा झाला, आणि तुमचं ग्रीसचं पोस्टकार्ड आज आलं. टपाल बहुतेक वळणरस्त्यानं येतं.

बरणी राहिली, ती ठेव. रफूचं अंडं पुन्हा सापडत नाही. तेआच्या मुठीत गेलं हे मी जिन्यातच बघितलं होतं. हिरड्या शिवशिवत असतील पोरीच्या, चावू दे. झिवोयिन म्हणतो, ही तिसरी पिढी चोरांची. पुढच्या ईस्टरला तो तिच्याशी लढणार आहे, आणि अंडं आधी कठड्यावर वाजवून घेणार आहे.

ऑक्टोबरात मी येतेय. तिकीट काढलं. मारिबोरला बस बदलायची. त्या नावातले म, आ आणि ओ मला आधीच येतात, बाकीची अक्षरं झिवोयिन रोज संध्याकाळी शिकवतो आणि कॉफी फुकट पितो. तुमचा न मला अजून पडक्या शिडीसारखा दिसतो. बसमधल्या कुणाला पाटी विचारायची वेळ आली तर विचारीन. चष्म्याची काडी नीट आहे.

लग्नाचं जेवण मी तेव्हा घालीन, तुझ्या घरात, बसून.

पोस्टकार्ड फ्रिजवर लावलंय. चित्रात समुद्र आहे, पेट्रोलचा वास नसलेला. मागं तू एकच शब्द लिहिलायस, माझ्या पहिल्या चादरीवरचा, आमच्या अक्षरांत, तुझ्या हातानं. खांब वाकडे, दांडी खाली घसरलेली, असा पूल कुणी बांधला तर माणसं पडतील. ल्युबिंकाला दाखवला नाही. झिवोयिनलाही नाही. खिडकीशी नेऊन स्वतः वाचला.

आधी तुमच्या रीतीनं वाचला. मग आमच्या. दोन्हीकडून बरोबर आला.

नाना